जळालेल्या कनेक्टरचा वास

आमच्या दुकानात आलेलं मशीन दुरुस्त होऊन आपल्या गावी जातं, किस्सा मात्र इथंच मुक्काम ठोकतो. आता इतके साचलेत की चहाला कुणी आलं तर दोन-तीन ऐकवल्याशिवाय आम्ही सोडतच नाही!

अकोल्यात आमचं तिघांचं दुकान. मधुकाका, इस्माईलभाई अन् मी, शुभांगी. कूलर-मिक्सर सगळेच करतात. आमची खासियत म्हणजे पिनबॉलची जुनी मशीनं. काचेखाली पोलादी गोळी पळते, दिवे लागतात, घंट्या वाजतात, ती. जत्रेवाले आणतात, हौशी लोक आणतात. दुखणं बहुतेक एकच: दिव्यांच्या वायरी बोर्डाला जिथं जोडतात, तो कनेक्टर तापून तापून जळतो. डिप्लोमा घेऊन मी नोकरीसाठी वणवण करत होते, तेव्हा काकांनी "बस इथं, पोरी" म्हणत स्टूल पुढं केलं. ते उपकार मी या जन्मात विसरणार नाही.

*

काकांचं नाक म्हणजे काय सांगू! मशीनचं मागचं दार उघडायचं, डोकं आत घालायचं, एक लांब श्वास. "डावीकडचा, खालून." अन् नेमका तोच निघायचा. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काका, तुम्ही मीटर नाही लावत का?"

"लावतो ना! नाक खरं बोललं का नाही, ते पाहाले!"

*

कनेक्टर बदलायचा तर वायरीकडची टोपी अन् बोर्डावरच्या पिना, दोन्ही बदलायच्या, हा आमचा नियम. इस्माईलभाई एकदा घाईत नुसती टोपी बदलून तेल्हाऱ्याला मशीन देऊन आले. आठवड्यात पुन्हा कोळसा!

काका म्हणाले, "इस्माईल, नवरदेवाले हळद लावली अन् नवरीले विसरला का बे?"

तेव्हापासून "हळद दोघांले लागली का?" हे विचारल्याशिवाय आमच्याकडून मशीन हलत नाही.

*

अकोटच्या एका जत्रेवाल्यानं तर जळालेल्या पिनेच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबली होती. वर म्हणतो, "चालून राहिलं होतं ना भाऊ!"

काका म्हणाले, "चालून नाही, जळून राहिलं होतं! तू आपला उजेड पाहून खुश!"

*

मग काकांना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला.

दुकानात आले त्या दिवशी एका मशीनमधून धूर निघत होता. काकांनी सवयीनं डोळे मिटून डोकं आत घातलं अन् म्हणाले, "काहीच नाही जळालं." आमची तोंडं पाहून त्यांना कळलं.

"दिवाळीपर्यंत पाहातो," ते म्हणाले. "नाही आला वास, तर घरी बसतो. माहं इथं मंग काय काम?"

काकांशिवाय दुकान!

इस्माईलभाई रोज अत्तर लावून यायला लागले. मी ओव्याची पुरचुंडी आणली. काकूंनी तव्यावर मिरच्याच टाकल्या! सगळी गल्ली खोकली, काकाही खोकले. काकूंनी आशेनं विचारलं, "आला का हो?"

"खोकला आला. वास नाही आला."

*

दिवाळी तोंडावर आली. अमरावतीच्या एका वकीलसाहेबांचं मशीन तयार झालं, ते न्यायला निघालेही होते. आम्ही दिवे लावून पाहत होतो, काका दारात खुर्चीवर चहा पीत बसले होते.

"बंद करा!" काका एकदम ओरडले.

"काऊन, काका?"

"जळून राहिलं काहीतरी! मांगं, वरून!"

मला धूर दिसेना, वास येईना. इस्माईलभाईंनाही नाही. तरी बटण बंद केलं, मागचं दार उघडलं. वरचा कनेक्टर आम्ही चांगला दिसला म्हणून तसाच ठेवला होता. त्याची एक पिन तपकिरी पडत होती. बोट लावलं, चटका बसला!

मी काकांकडे पाहिलं. काका माझ्याकडे पाहत होते, कपातला चहा सांडत होता, त्यांचं लक्षच नव्हतं. मी तिथंच रडायला लागले. इस्माईलभाईंनी काकांना खुर्चीसकट उचललं!

तेवढ्यात वकीलसाहेब दारात. अंधारलेलं मशीन, उघडं दार, मी रडतेय.

"अहो, माझं मशीन जळालं की काय?"

इस्माईलभाईंनी डब्यातला बेसनाचा लाडू काढून त्यांच्या तोंडात कोंबला.

"जळालं साहेब, जळालं! मुबारक हो!"