अक्कांची नात

हे मी आजवर कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आणि जिच्याबद्दल आहे त्या माझ्या लेकीजवळ तर नाहीच.

एकसष्ट साली आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनीयर. मल्लेश्वरमला दोन खोल्या—आणि शेजारी अक्का, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घरातल्या, बोलताना मध्येच कानडी शब्द पेरणाऱ्या. आमची सुधा दहा महिन्यांची झाली तरी बसत नव्हती. बसवली की एका अंगाला कलंडायची. डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बसतात, धीर धरा. पण धीर होता कुठे? "अजून बसत नाही?" असं कुणी विचारलं की मला राग यायचा—पोरीचा. हो, पोरीचाच.

अक्कांनी मात्र तिचं बसणं मनावर घेतलं. रोज दुपारी येऊन सतरंजीवर पाय पसरून बसायच्या, सुधाला मध्ये घ्यायच्या, तिचे इवलेसे तळवे पुढे टेकवायच्या आणि समोर एक पितळी वाटी ठेवायच्या. मी सावरायला धावले की म्हणायच्या, "स्वल्प थांब गं. कलंडू दे. त्याशिवाय तोल कसा कळेल तिला?"

अशाच एका दुपारी नवऱ्याच्या साहेबांची बायको अचानक आली. सुधाकडे बघून तिनं विचारलं, "ही तुमची का?"

आणि मी म्हणाले—किती सहज म्हणाले—"छे! ही अक्कांची नात. आमची आत झोपलीय."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग सुधाला छातीशी धरून म्हणाल्या, "हो, माझीच."

बाई गेल्यावर मी कप विसळत राहिले.

दुसऱ्या दिवशी अक्का येणार नाहीत असं वाटलं होतं. आल्या. पण सतरंजीवर बसल्या नाहीत. "आज तू बैस," एवढंच म्हणाल्या, आणि सुधाला माझ्या पुढ्यात ठेवलं. तिची पाठ माझ्या पोटाला टेकली—ऊबदार, घामेजलेली. इतके दिवस मी तिला अशी जवळ घेतलीच नव्हती का? त्या दिवसापासून रोज मीच बसले. ती कलंडायची, मी पुन्हा बसवायची. तीन आठवड्यांनी तिनं वाटीसाठी दोन्ही हात उचलले—आणि पडली नाही. वळून माझ्याकडे बघून हसली!

"सरी, सरी! जमलं! बसली की गं तुझी लेक!" अक्का ओरडल्या.

सुधा पुढे रांगली, धावली, शाळेत गेली. अक्का शेवटपर्यंत त्या दुपारबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. मीही त्यांची माफी मागितली नाही. ती बसली नसती, तर चारचौघांत मी तिला माझी म्हटलं असतं का—मला माहीत नाही.