छबू ऊर्फ सुमन

धारूरच्या स्टँडवरून मी निघालो त्या सकाळी माझी माय आन माझी बायको दोघी सोडायला आल्या होत्या. मेंढरं शेजाऱ्यावर टाकून आलेल्या, त्यामुळं मायचं अर्धं ध्यान वस्तीकडंच. एसटी सुरू झाली तशी ती खिडकीपाशी येऊन म्हणली, "जिथं जाशील तिथं आधी पाणी बघ, मग मुक्काम टाक." मेंढरं घेऊन निघणाऱ्याला ती असंच सांगायची. मी चाललो होतो विमानानं इंग्लंडला, पण मायला रानापलीकडचा दुसरा परदेश माहीत नव्हता. बायको तिच्या मागं उभी, पदर कपाळाखाली ओढून. सासूच्या देखत ती काय बोलणार आन मी तरी काय बोलणार. मी खाकरलो. तिनं वर पाहिलं. तेवढाच आमचा निरोप.

हे मी फोनवर एका बोटानं लिहितोय. शाळा चौथीपर्यंत झाली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका. गावाकडच्यांनी वाचावं आन माझ्यासारखे बाहेर येऊन बसलेत त्यांनी पण वाचावं. त्यातल्या कुणाच्या बायकोचा व्हिसा अडकला असंल तर त्यानं जरा जास्त ध्यान देऊन वाचावं.

बीडला एका डॉक्टरांच्या घरी मी स्वयंपाकाला होतो. ते इंग्लंडला नोकरीला निघाले तर मलाही घेऊन आले, कारण त्यांच्या म्हाताऱ्या वडलांना माझ्याच हातची भाकरी लागायची. पुढं म्हातारे वारले, डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले आन मी इथल्या सरकारी दवाखान्याच्या किचनमध्ये भांड्यांवर लागलो. पहिल्या दिवशी मोठाली पातेली गरम पाण्याखाली धरली तेव्हा हात थांबला होता. गावाकडं हंडाभर पाण्यासाठी दरड उतरून जायचो, इथं तेवढं पाणी एका पातेल्यावर वाहून जात होतं. मायला फोनवर सांगितलं, पाणी लई हाय. ती म्हणली, मग टाक मुक्काम.

मुक्काम लांबला. माझं तरुणपण त्याच किचनमध्ये गेलं आन त्याची मला लाज न्हाई. माझ्या हातची पातेली कुणी परत धुवायला लावली न्हाईत. दोन-तीन वर्षांनी गावी यायचो, महिनाभर राहायचो. दर खेपेला बायकोला विचारायचो, येतीस का. ती म्हणायची, "मामींना कोण बघंल? आन मेंढरं?" मामी म्हणजे माझी माय. विषय तिथंच संपायचा. आमच्या पोरानं, दत्तूनं, उमापूरला खता-बियाण्याचं दुकान टाकलं, तिकडंच घर केलं, तरी बायको वस्ती सोडून हलली न्हाई. मग माय गेली. मेंढरं विकली. ती एकदा आपण होऊन म्हणली, "आता बोलवा."

तोवर माझ्या छातीत यंत्र बसलेलं. डॉक्टर म्हणले, लांबचा प्रवास एवढ्यात न्हाई. म्हणजे मी जाऊ शकत न्हाई आन तिला यायचंय. कागद भरायला बसलो तेव्हा कळलं की इतक्या वर्षांत मी इथला नागरिक झालो आन ती माझ्यासाठी परदेशी झाली. जिच्या हातची राखुंडी लावून दात घासले, ती परदेशी.

व्हिसा नामंजूर झाला.

कागद लई लांबलचक होता. आमच्या वकीलबाईंनी हिंदीत समजावून सांगितला. बाई मूळच्या पंजाबच्या, बोलणं रोखठोक. झालं होतं असं की बायकोचा जन्माचा पुरावा म्हणजे शाळेचा दाखला, दुसरीपर्यंत गेलती ती. त्यावर नाव छबू. पासपोर्टावर नाव सुमन. आता आपल्याकडं लग्नात पोरीचं नाव बदलतात हे तुमाला सांगायला नको. आमच्या घरात मोठ्या भावजयीचं नाव आधीच छबू होतं, म्हणून तांदळात अंगठीनं सुमन लिहिलं. पण व्हिसाच्या साहेबाच्या हिशेबानं छबू निराळी आन सुमन निराळी. म्हणून त्यांनी तिला फोन लावून खुलासा विचारला. तिथं तर अजूनच मजा झाली.

"नवऱ्याचं नाव सांगा," असं विचारलं. ही म्हणली, "कागदावर हाय की, वाचा."

"नवरा तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारतो, छबू का सुमन?" ही म्हणली, "कोणत्याच न्हाई."

बस. त्यांनी लिहिलं की बाईला नवऱ्याचं नाव सांगता येत न्हाई, नवरा तिला कोणत्याच नावानं ओळखत न्हाई, हे लग्न खरं वाटत न्हाई.

वकीलबाईंनी कागद खाली ठेवला. "बाबाजी, मग तुम्ही तिला हाक मारता तरी कशी?"

मी खाकरून दाखवलं.

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या आन म्हणल्या, हे तुम्ही कुठं लिहिलंच न्हाई. मी म्हणलं, ह्यात लिहायचं काय हाय? दत्तू मला फोनवर म्हणला, "दादा, सोडा नाद. आई हितं, तुमी तिथं, व्हिडिओवर दिसताच की रोज." मी म्हणलं, ज्या सरकारच्या दवाखान्यात इतकी वर्षं भांडी घासली ते मला सांगतंय की ही तुझी बायको न्हाई. आन मी गप बसू? अपील केलं.

अपिलाला दोन गोष्टी पाहिजे होत्या. एक, छबू हीच सुमन असं माहेरच्या कुणीतरी शपथेवर सांगायचं. दुसरी, आमचा संसार चालू हाय ह्याचा पुरावा.

माहेरचं आता एकच माणूस उरलं होतं, तिचा भाऊ नामदेव. धारूरच्या घाटात त्याची शेती. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला बहिणीला न्यायला आला आन दारातून "छबे" म्हणून हाक दिली, तर मायनं त्याला सांगितलं, इथं छबू म्हणजे थोरली सून, तुमच्या बहिणीचं नाव सुमन. नामदेव तसाच उठला, पाणीसुद्धा पिला न्हाई. तेव्हापासून तो बहिणीला न्यायला यायचा तो बांधापर्यंत. तिथून हाक मारायचा, छबे म्हणूनच, आन ही पिशवी घेऊन निघायची. आम्ही दोघं मेव्हणे एकमेकांशी बोललो न्हाई. बोलायचं त्यानं, असं मला वाटायचं. त्याला वाटायचं मी.

आता नंबर लावला. नामदेवनं उचलला आन कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"इंग्लंडवरून?" तो म्हणला. "लई महागात पडंल की, दाजी."

"फुकट असतंय आता. पाव्हणं, एक काम हाय." मी सगळं सांगितलं.

पलीकडं बैलाच्या गळ्यातलं घुंगरू वाजत होतं. मग तो म्हणला, "म्हंजी आता तुमाला छबू पायजे."

"पायजे."

"आन सुमन कोण? मला तर ठाव न्हाई बा. माझी बहीण छबू हाय."

"तेच शपथेवर सांगायचंय," मी म्हणलं. "तीच ती."

"तीच ती," तो म्हणला. "हे त्या दिवशी तुमच्या दारात म्हणलं असतं कुणी, तर च्या पिऊन गेलो असतो." मग म्हणला, "येतो मी बीडला. दत्तूला म्हणावं, गाडी धाडू नको, एसटीनं येतो. पण दाजी, आयुष्यात एकदा तरी तिला नावानं हाक मारा. न्हाईतर मी खोटी शपथ घेतल्यासारखं व्हईल."

मी हो म्हणलं न्हाई. न्हाई पण म्हणलं न्हाई.

बीडच्या कोर्टापुढं टायपिंगवाल्यानं लिहिलं, सुमन ऊर्फ छबू. नामदेवनं कागद परत सारला. छबू आधी पाहिजे. टायपिंगवाला म्हणला, "आजोबा, एकच हाय ते." नामदेव म्हणला, "एकच असतं तर ही भानगड इंग्लंडपर्यंत गेली असती का बे?" दुसरा कागद करावा लागला. दत्तू हे सांगताना वैतागला होता, मला मात्र तो माणूस पहिल्यांदा आवडला.

दुसरा पुरावा वकीलबाईंनी सुचवला. दत्तूला सांगितलं, रोजच्यासारखं बोलू दे, तू फक्त दुसऱ्या फोननं बाजूनं व्हिडिओ काढ, आईला सांगू नको. आवाज मोठा करून त्यानं फोन बाजेवर ठेवला. ही शेळीची धार काढत होती, पाठमोरी. मी इकडून खाकरलो. शेळी सोडून ही हात पुसत आली आन म्हणली, "मेलं न्हाईत वाटतं अजून." मी म्हणलं, "अजून न्हाई." ती म्हणली, "गोळी घेतली का?"

कोर्टाच्या दिवशी मी धोतर नेसून गेलो. कोट वरून होता, थंडीसाठी. दुभाषी बाई पुण्याची निघाली. माझं "व्हतं" आन "गेलतो" ऐकून सारखी माझ्याकडं वळून बघायची. सरकारतर्फे एक पोरगेला साहेब होता. त्यानं विचारलं, इतक्या वर्षांच्या संसारात तुम्ही बायकोला एकदाही नावानं बोलावलं न्हाई हे खरं का. मी म्हणलं, खरं. का म्हणून विचारता? माझ्या बापानं मायला कधी बोलावलं न्हाई. ज्याला बायको दिसत न्हाई त्यानं नाव घ्यावं, मला ती न बघता कळती.

मग तो व्हिडिओ लावला. जजबाई वयस्कर होत्या, चष्मा नाकावर. दुभाषीनं "मेलं न्हाईत वाटतं" जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं आन तो साहेब दचकला. जजबाईंनी परत लावायला सांगितलं. मी खाकरलो, ती आली.

जजबाईंनी विचारलं, "ती असं रोज म्हणते?"

"रोज."

"तुम्हाला वाईट वाटत नाही?"

"ज्या दिवशी म्हणायची न्हाई त्या दिवशी वाटंल," मी म्हणलं.

त्यांनी मान खाली घालून लिहिलं. काय लिहिलं ते तेव्हा कळलं न्हाई. नंतर वकीलबाईंचा फोन आला, अपील मंजूर. मी खुर्चीत बसलो. छातीतलं यंत्र आपलं काम करत होतं. गावी फोन लावला, खाकरलो. ती म्हणली, "कळलं. कोणती लुगडी घेऊ ते सांगा. थंडी कशी हाय तिथं?"

विमानतळावर मी लई आधी जाऊन उभा राहिलो. दारातून माणसांचा लोंढा सुटला. भारतातून आलेलं विमान, सगळ्या बायका पिशव्या घेतलेल्या, शाली गुंडाळलेल्या. मला ती दिसली. हातात ट्रॉली, पण ती ढकलायची असती हे कळत नव्हतं, म्हणून गुराला ओढावं तशी मागं ओढत होती. भलतीकडं बघत भलत्या दाराला निघाली. मी खाकरलो. माझ्या शेजारी थंडीनं खोकणारी दहा माणसं होती, त्यात माझं खाकरणं कुणाला ऐकू जातंय. परत खाकरलो. ती लांब चालली.

मग मी हाक मारली. "छबे."

ती जागच्या जागी थांबली. गर्रकन वळली, पण माझ्याकडं न्हाई, इकडंतिकडं बघू लागली, कुणालातरी हुडकत. मी कठड्यापर्यंत गेलो. माझ्यावर नजर पडली तशी तिनं पदर सारखा केला.

"मला वाटलं नामदेव आला का काय," ती म्हणली.

टॅक्सीत बसल्यावर नामदेवला फोन लावला आन तो तिच्याकडं दिला. ती त्याला म्हणली, "व्हय, पोचले. व्हय, मारली. सगळ्या लोकात मारली." पलीकडून काय बोलला ते मला कळलं न्हाई, पण तिनं खिडकीकडं तोंड केलं आन पुढचा रस्ताभर तसंच ठेवलं.

माझी खोली लहान हाय. एक खिडकी, एक शेगडी, बाहेर पावलं मावतील एवढा गॅलरीचा तुकडा. इतकी वर्षं कुणी विचारलं, घर कुठं, तर मी धारूर म्हणायचो आन ह्या जागेला रूम म्हणायचो. दार उघडलं. तिनं पिशवी खाली ठेवली न्हाई. काय बघितलं न्हाई, ना पलंग, ना भिंतीवरचा मायचा फोटो. सरळ मोरीकडं गेली, नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं आन चव घेऊन पाहिली. मी दारातच उभा राहिलो, कोर्टात जजबाई लिहीत होत्या तेव्हा उभा होतो तसा.

"गार हाय," ती म्हणली. "पण गोड हाय."

मग तिनं पिशवी खाली ठेवली.