निळा काहून?

माझा स्वभाव तापट. तापट माणसाला वाटतं, आपण निदान मनातलं तरी बोलतो. त्या दिवशी मी मनातलंच बोललो आणि लाज त्याचीच वाटते.

हट्टा या गावी आमचं नवं घर झालं, तेव्हा नववीतल्या लेकीनं तिच्या खोलीला पट्टे मागितले. उभे, एक पांढरा, एक निळा. मोबाइलमधला फोटो तिनं परस्पर पेंटरला दाखवला. पेंटर गावातलेच, माझ्याहून वयानं मोठे. बारीक कामात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नाही. सुताला खडूची भुकटी लावायची, वरून खाली ताणून टिचकी मारायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. मग रेघेला चिकटपट्टी आणि मधे रंग. लेक शाळा बुडवून दिवसभर सुताचं खालचं टोक धरून बसली होती.

मी शाळेत शिकवून घरी आलो तोवर चार पट्टे झाले होते. छान दिसत होते, हेही सांगतो. पण खोलीची खिडकी रस्त्यावर, आणि आमच्याकडे रंगालाही जात असते. भगवा कुणाचा, हिरवा कुणाचा, निळा कुणाचा, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही, असं मला वाटायचं.

"निळा काहून?" मी दारातूनच ओरडलो. "येणारे-जाणारे काय म्हणतील? आमी बी तिकडचे झालो म्हणतील."

"तिकडचे म्हणजे?" लेकीनं विचारलं.

पेंटर स्टुलावर पाठमोरे उभे होते. त्यांचा ब्रश थांबला. त्यांच्या मोटारसायकलवरचा निळा झेंडा मला त्या घाईत दिसला नाही, असं मी पुढं कितीदा तरी स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. त्या मोटारसायकलला वळसा घालूनच मी आत आलो होतो.

ते खाली उतरले. "तकलीफ न्हाई सर. गुलाबी मारतो."

"मामा, तुमाला न्हाई आवडत निळा?" लेक म्हणाली.

"लय आवडतो माय," ते ब्रश पुसत म्हणाले. "पण घर तुमचं हाय."

'राहू द्या निळाच' एवढे तीन शब्द बोलायचे होते. रोज परिपाठाला पोरांकडून समतेच्या गोष्टी म्हणवून घेणाऱ्या माझ्या तोंडातून ते निघाले नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी चहा सांगायला म्हणून आत गेलो. खरं तर पळालो.

निळ्यावर गुलाबी बसेना. आधी पांढऱ्याचे दोन हात, मग गुलाबी. दोन दिवस वाढले, पण पेंटरनी एकाही पट्ट्याची कड हलू दिली नाही. हलली असती तर बरं झालं असतं, मला त्यांच्यावर चिडायला काहीतरी सापडलं असतं. लेक पुन्हा सूत धरायला बसली नाही.

दिवाळीच्या खरेदीला आम्ही वसमतला गेलो. दुकानात लेकीनं एक ड्रेस उचलला, चांगला गडद निळा. आरशासमोर अंगाला लावून बघितला, खूश झाली. मग आईला सोडून माझ्याजवळ आली आणि दुकानदाराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "पप्पा, हा आपल्यात चालतो का?"