सोडायची मागणी

युनियनमध्ये वीस वर्षं काढली की घरात दोन गोष्टी साचतात, कागद आणि किस्से. कागद बायकोनं मागच्या दिवाळीत रद्दीत घातले. किस्से कोणी घेत नाही! वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालो तरी आम्ही जुनी टाळकी छावणीतल्या हॉटेलात जमतो, अन् चहा यायच्या आधीच कोणीतरी म्हणतं, "ए दिगू, सांग ना तो गेट मीटिंगचा!" मग काय, सांगतो.

*

पण आधी नाना. नाना आमचे सरचिटणीस, वेरूळकडचे, शेती सांभाळून नोकरी करायचे. नवे मेंबर झाले की कँटीनमध्ये त्यांचा क्लास घ्यायचे.

"युनियनचे प्रकार तीन. एक अंतर्गत, म्हंजे आपली आपण चालवायची. दुसरी बाहेरची, म्हंजे मोठा लीडर येतो, भाषण ठोकतो, जातो. तिसरी साहेबाची, म्हंजे अध्यक्ष आपला अन् शब्द साहेबाचे."

एकानं विचारलं, "पण नाना, युनियन पाहिजे कशापायी?"

"साहेबासमोर एकट्याचे पाय लटपटले तर साहेब हसतो. दोनशे जणांचे लटपटले तर त्याला वाटतं भूकंप आला!"

*

दुसरा प्रकार आम्ही एकदाच करून पाहिला. लीडरसाहेबांना त्या दिवशी चार कंपन्यांच्या गेटवर सभा होत्या. आमच्या गेटवर उतरले, माईक धरला, अन् शेजारच्या कंपनीच्या मॅनेजरवर पंधरा मिनिटं तुटून पडले! आम्हीही सवयीनं, "मुर्दाबाद! मुर्दाबाद!"

आमचे मॅनेजर खिडकीतून सगळं ऐकत होते. सभा संपल्यावर त्यांनी लीडरला आत चहाला बोलावलं. म्हणाले, "फार छान बोललात. त्याच्याबद्दल आमचंही हेच मत आहे!"

तेव्हापासून आम्ही अंतर्गतच राहिलो.

*

घोषणा द्यायला रफिकभाई. काय आवाज होता माणसाचा! एकदा ऐन आंदोलनात घसा बसला. डॉक्टर म्हणाला, आठ दिवस तोंड उघडायचं नाही. रफिकभाई गेटवर आले, हातवारे करून आम्हाला ओरडायला लावत होते, पण त्यांच्याशिवाय कोणाला सूरच सापडेना. शेवटी राहवलं नाही. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मियाँ, वो डॉक्टर भी मॅनेजमेंट का आदमी निकला!"

आज तरण्या पोरांचा मोबाईलवर ग्रुप आहे. मागण्या तिथंच टाकतात, खाली अंगठे उमटतात. चांगलं आहे. पण रफिकभाईंचा आवाज लई आठवतो.

*

आता माझं पाप सांगतो. मागणीपत्र मी लिहायचो. त्यात वीस मागण्या असल्या तर तीन-चार सोडायच्या असायच्या. कारण वाटाघाटीत साहेब हमखास विचारणार, "एवढं दिलं, आता तुम्ही काय सोडता?" तेव्हा सोडायला हातात काहीतरी हवं ना! चौदा नंबरला दर वेळी तेच असायचं: पॅकिंगच्या महिलांना बसायला स्टूल. तीस बाया आठ-आठ तास उभ्या राहून खोकी भरायच्या. तीन करारांत आम्ही स्टूल मागितले अन् तिन्ही वेळा सोडले.

मग पॅकिंगच्या शकुंतलाबाई कमिटीवर निवडून आल्या. आमच्यातली पहिली बाई. पहिल्याच मीटिंगला त्यांनी माझा कच्चा कागद ओढून घेतला. "दिगूभाऊ, चौदापुढं ह्ये पेन्सिलीनं 'सो' काय लिवलंय?"

मी शहाणपणा केला. "सो म्हणजे सोय. सोयीची मागणी!"

नानांना हसू आवरलं नाही अन् बाईंना सगळं कळलं. त्यांनी चप्पल काढून पाऊल पुढं केलं. टम्म सुजलेलं. "डॉक्टर म्हनतो, असंच उभं राहिलात तर सा महिन्यांत नोकरी सोडावी लागंल. घरात कमावती मी एकली. अन् तुमी आमाला सोडायला ठिवलं व्हय?"

मला तेव्हा लाज वाटली, आजही वाटते. मी खोडरबरानं तो 'सो' खोडला, अन् मग कागदावरचे बाकीचे 'सो'ही.

*

यावेळी स्टुलांसाठी काळ्या फिती लावायचं ठरलं. रफिकभाईंनी औरंगपुऱ्यातून कापड आणलं. दिवस ठरवला आम्ही गड्यांनी, अन् तो निघाला नेमका संक्रांतीचा! सणाला बायकांना साडीची मुभा होती. तीसच्या तीस बाया काळ्या साड्या नेसून हजर. साडीवर फीत दिसतच नव्हती!

प्रॉडक्शनचे साहेब नवीन होते, मुलूख वेगळा. त्यांनी केबिनमधून पाहिलं अन् वर फोन लावला, "सर, पुरुषांनी फिती लावल्यात, पण बायकांनी अख्ख्या साड्या लावल्यात!"

दुसऱ्याच दिवशी वाटाघाटीचं पत्र आलं.

*

वाटाघाटीला आम्ही सात जण. एसी रूम, गुबगुबीत खुर्च्या. एचआरचे मोठे साहेब म्हणाले, "बसा, बसा."

नाना बसायलाच लागले होते. शकुंतलाबाई तशाच उभ्या.

"बसा ना, बाई."

"नगं साहेब, सवय नाय."

नाना अर्ध्यातून उठले. आम्ही सातही जण टेबलाशी उभे. साहेब एकटे बसलेले, मान वर करून बोलायला लागले. पाच मिनिटांत त्यांनाच अवघडल्यासारखं झालं अन् तेही उठले.

एकेक मागणी सुरू झाली. तासाभरानं साहेब या पायावरून त्या पायावर व्हायला लागले. मग टेबलावर हात टेकले. मग हळूच बूट काढला. चौदा नंबर आला तेव्हा दीड तास झाला होता.

"ही नेहमीप्रमाणे सोडायची ना?" साहेबांनी मलाच विचारलं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं!

"नाही साहेब," मी म्हणालो. "हिच्याशिवाय कोणीच सही करणार नाही."

साहेबांनी मागं वळून खुर्चीकडं पाहिलं. घाम पुसला. "ठीक आहे. तीस स्टूल लिहा." अन् मग सवयीनं बोलून गेले, "पण त्याबदल्यात तुम्ही काय सोडता?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मी कागदात पाहिलं. यावेळी सोडायचं काही लिहिलंच नव्हतं.

शकुंतलाबाईंनी समोरची खुर्ची ओढली अन् सावकाश बसल्या.

"उभं राहायचं सोडतो, साहेब!"