क्रम लावा
आज वसतिगृहाच्या कठड्याला लाल ऑइलपेंट दिला, आणि त्या वासानं इथे जपानात मला निडीजवळचं आमचं वालाचं शेत आठवलं. त्या दुपारी मोजणीवाले आमच्या बांधावरच्या दगडांना तसाच रंग फासत होते. वाल फुलोऱ्यावर आला होता आणि ते त्यातूनच टेप ओढत चालले होते. "नुसतं मोजतायत, जमिनी घ्यायचं अजून काय ठरलं नाय," असं सगळा गाव म्हणत होता. बाबा धाटावच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट करून आले आणि ओटीवर जेवायला बसले. मी तेव्हा जपानमधल्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेचे जुने पेपर सोडवायचे, आणि जेवताना ते मला एखादा प्रश्न मराठीत सांगायला लावायचे. त्या दिवशीचा प्रश्न होता, जपानने कोरिया घेतला तेव्हाच्या चार घटनांचा क्रम लावा. मी घडाघडा सांगितलं, "आधी करारावर सह्या घेतल्या, मग राजाला उतरवलं, मग देश ताब्यात घेतला, मग लोकांच्या जमिनी मोजल्या." बाबांचा घास हातातच राहिला. "मोजणी शेवटी?" "व्हय, चौथी." त्यांनी शेताकडे पाहिलं. रंगाचा डबा घेतलेला माणूस पुढच्या दगडापाशी वाकला होता. "मग गो," बाबा हळूच म्हणाले, "आपले पयले तीन कधी झाले?" परीक्षेत असाच एक क्रम आला, तो मी बरोबर लावला. वालाच्या जागी आता पत्र्याचं कुंपण आहे, आणि आमचे पहिले तीन कधी झाले, ते मी बाबांना अजून सांगू शकलेले नाही.