हिरवी पिन हिरव्यात

आमचे किस्से ऐकून लोकांना वाटतं, हे दोघं दुकानात धंदा कमी आणि गप्पाच जास्त मारत असणार. तसं नव्हतं. बसू आणि मी राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटरचं दुकान चालवायचो. नव्वदचं दशक सरत आलं होतं, घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते. आम्ही सगळंच विकायचो, पण माणसं लक्षात राहिली ती स्पीकरमुळं. कीबोर्ड बिघडला तर माणूस कीबोर्ड काखेत मारून दुकानात येतो. स्पीकर वाजेना म्हटलं की आपल्याला त्याच्या घरी जावं लागतं. घरी गेलं की चहा येतो, आणि चहाबरोबर त्या घरातलं काहीतरी बाहेर येतंच. असं करत करत इतकं साठलं की आता आम्ही भेटलो की एकानं सुरुवात करायची आणि दुसऱ्यानं "तसं न्हवतं ते" म्हणायचं, एवढंच काम राहिलंय.

बसू म्हणजे बसवराज, गडहिंग्लजचा. घरी आईशी कन्नड, दुकानात मराठी आणि होलसेलवाल्याशी हिंदी. विकायचं काम माझं, जोडायचं त्याचं. त्याचे दोन नियम होते. खोक्यावर छापलेले वॉट वाचायचे नाहीत, आणि आपल्या ओळखीचं गाणं त्यावर ऐकल्याशिवाय स्पीकर घ्यायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी बसू त्याला स्टुलावर बसवायचा. "ऐका की. डोळ्यानं स्पीकर घेताय व्हय?"

*

शाहूपुरीत एक रिटायर हेडमास्तर राहायचे. त्यांनी स्पीकर नेले, स्वतः जोडतो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला की माल खराब आहे. आम्ही दोघं गेलो. सरांनी आम्हाला उभं करून आधी सगळं समजावून सांगितलं: वीज येते, दिवा लागतो, वायर तुटलेली नाही, त्याअर्थी दोष आतच आहे. मधे बोलायची सोय नव्हती.

त्यांचं संपल्यावर बसू कॉम्प्युटरच्या मागं वाकला. मागं तीन भोकं असतात. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माईकचं, निळं बाहेरून आवाज आत घ्यायचं. सरांनी पिन गुलाबी भोकात घातली होती. बसूनं ती काढून हिरव्यात घातली आणि खोलीभर सनई सुरू झाली.

स्वयंपाकघराच्या दारातून सरांच्या पत्नी म्हणाल्या, "मी कालपासून सांगतीय, हिरवी पिन हिरव्यात."

त्यानंतर त्या घरातून दुकानात जेवढे फोन आले, तेवढे बाईंचेच आले. पुढं पुढं तर शेजारणींचे कॉम्प्युटरही त्याच जोडून द्यायला लागल्या. सर बरोबर जायचे, बॅटरी धरायला.

*

आमच्या दुकानापासून जवळच एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर हौसेनं गायचे. बसूनं त्यांना नियम सांगितला, तर ते स्वतःच्याच गाण्याची सीडी घेऊन आले. यापेक्षा ओळखीचं दुसरं काय असणार?

बसूनं आधी चांगला सेट लावला. लाकडी कॅबिनेटचा, वजनदार, आवाज अगदी स्वच्छ. डॉक्टर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. मग त्यांनी प्लास्टिकचे छोटे स्पीकर लावायला सांगितले. त्यावर सगळं थोडं घोगरं, थोडं झाकलेलं यायचं. डॉक्टरांना बरं वाटलं.

मला म्हणाले, "हेच द्या. त्या मोठ्यावर माझा आवाज बेसूर लागतोय."

मी बसूला कोपर मारणार, तोवर तो बोलून गेला होता. "मोठा खरं सांगतोय, डॉक्टर."

डॉक्टर प्लास्टिकचे घेऊन गेले. मी दिवसभर बसूशी बोललो नाही. एक गिऱ्हाईक दुखावलं, आणि वर माझी दाढ दुखत होती.

वर्ष उलटलं असेल. डॉक्टर पुन्हा जिना चढून आले. हातात नवी सीडी. म्हणाले, त्या दिवसानंतर एका बाईंकडं गाणं शिकायला जातोय, त्यांच्या क्लासमधे सगळ्यात थोराड मीच आहे. तो लाकडी सेट लावा. ते मान खाली घालून ऐकत बसले. मधे एका जागी हात वर करून स्वतःच म्हणाले, "इथं गेलो." मग पुन्हा ऐकायला लागले. बाकी गाणं सुरेल होतं, हे माझ्यासारख्यालाही कळत होतं.

गाणं संपल्यावर म्हणाले, "बांधा हाच. आता ह्याचं ऐकून घ्यायची तयारी झालीय."

*

एका घरातून निरोप आला की दोनपैकी एकच स्पीकर वाजतोय. बसू गेला आणि मीही सोबत गेलो, कारण त्या घरचा चिवडा प्रसिद्ध होता. पण त्या दिवशी घरात वेगळंच वातावरण होतं. थोरली मुलगी वैशाली खिडकीपाशी उभी, आई डोळे पुसतेय, वडील येरझाऱ्या घालतायत आणि आत्या खुर्चीत ठाण मांडून बसलेली.

झालं होतं असं. वैशालीला नाशिकचं स्थळ आलं होतं. मुलगा येऊन बघून गेला होता, दोघं बोलली होती, मुलाकडची पसंती आली होती. आत्या त्या दिवशी नव्हती म्हणून मुलाचा फोटो ईमेलवरून मागवला. आदल्या दिवशी फोटो उघडला, तर मुलाचा अर्धा चेहरा हिरवट-जांभळा. आत्यानं निकाल दिला की मुलाच्या अंगावर काहीतरी आहे, परवा पावडर लावून आला असणार, हे स्थळ नको. वडील नाशिकला फोन लावायच्या बेतात होते.

बसूनं मॉनिटरकडं बघितलं. घरातल्या जुन्या म्युझिक डेकचे मोठाले स्पीकर कुणीतरी कॉम्प्युटरला जोडले होते, आणि डावा स्पीकर मॉनिटरला अगदी चिकटवून ठेवला होता. त्या जाडजूड काचेच्या मॉनिटरांना स्पीकरचं लोहचुंबक सोसत नसे, रंग फाकायचे. बसूनं स्पीकर उचलून लांब टेबलाच्या कडेला नेला, मॉनिटरचं एक बटण दाबलं. पडदा थरथरला आणि स्थिर झाला. मुलगा स्वच्छ, सावळा, थोडा लाजलेला असा समोर आला. एक पिन अर्धवट बसली होती, तीही आत ढकलली. दोन्ही स्पीकर वाजायला लागले.

मी म्हटलं, बरं झालं, आता वैशाली हो म्हणायला मोकळी.

वैशाली खिडकीतून वळली. "मी त्याला कालच हो कळवलंय," ती म्हणाली. "हिरवा दिसत होता तेव्हाच."

आत्यानं चिवड्याचा डबा उघडला.

*

चंदगड तालुक्यातले गावडे म्हणून एक होते. काजूचा छोटा कारखाना. त्यांच्या स्पीकरमधून सतत "हूंऽऽ" असा आवाज यायचा. गाणं लावा, न लावा, हूं आहेच. आम्ही नवा सेट घेऊन एसटीनं गेलो. वाटेत पाऊस असा की खिडकीबाहेर रस्ता आहे की ओढा, ते कळत नव्हतं.

नव्या सेटमधूनही तोच आवाज आला. बसूनं मग भिंतीतला सॉकेट उघडला. घराला अर्थिंगच नव्हतं. आवाजाचं सोडा, एखाद्या दिवशी कुणाला तरी झटका बसला असता. गावातला वायरमन बोलावला, खड्डा घेतला, कोळसा-मीठ घालून पट्टी पुरली. बसूनं शहाणपणानं सांगितलं की खड्ड्यात अधूनमधून पाणी मारत जा, माती ओली राहिली पाहिजे.

गावड्यांनी बाहेर धो धो कोसळणाऱ्या पावसाकडं बघितलं. "चंदगडला पाणी मारायला सांगताय व्हय, पावणं?"

सगळं जोडून झालं. स्पीकर चालू केला. एकदम शांत. बसू खूष झाला. आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून लहान बाळ किंचाळून उठलं. ते जन्मल्यापासून त्या हूंऽऽच्या आवाजातच झोपत होतं. काही केल्या गप्प राहीना. सूनबाईंनी चाचरत विचारलं, पहिल्यासारखं करता येईल का?

बसू म्हणाला, करता येईल, पण करणार नाही. बाळ रडलं तर चालेल, कुणाला करंट बसलेला चालायचा नाही.

मग गावड्यांच्या आई उठल्या. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि सुरू केलं, "हूंऽऽऽ". सूर अगदी तोच. बाळ झोपलं. आम्ही शेवटची एसटी गाठायला निघालो, तेव्हाही घरातून तो आवाज येत होता, आणि या वेळी बसूला त्याचं काही वाटलं नाही.

*

मोबाईल आले तेव्हाची गोष्ट. एक गृहस्थ त्यांच्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन दुकानात आले. तक्रार अशी की मुलगी कॉम्प्युटरवर अभ्यास करत असली की स्पीकर मधूनच "टिरीक टिरीक, टिरीक टिरीक" करतो. फोनवर मेसेज यायच्या आधी जवळचा स्पीकर असा कुरकुरतो, हे तोवर आम्हाला पाठ झालं होतं. म्हणजे मुलीचा फोन आवाज बंद करून टेबलावर असणार, आणि मेसेज बरेच येत असणार.

बसूनं मान वर केली. वडिलांच्या मागं उभी राहून मुलगी त्याच्याकडं बघत होती. वायरिंगच्या बाबतीत बसू आयुष्यात खोटं बोललेला नाही. त्या दिवशी तो म्हणाला, "हवामानामुळं होतं असं."

नंतर कळलं, मेसेज पुण्याच्या एका मैत्रिणीचे होते. नोकरीच्या परीक्षेची तयारी दोघी चोरून करत होत्या, कारण वडिलांना लेक लांब पाठवायची नव्हती. ती पास झाली. महिनाभर घरात अबोला झाला, आणि मग वडीलच तिला पुण्याला सोडून आले.

परत आल्यावर दुकानात पेढे द्यायला आले. जाताना म्हणाले, "स्पीकर आता आवाज करत न्हाय." आणि जिना उतरता उतरता, "वाजला असता तर बरं वाटलं असतं."

*

कबनूरचे आण्णा आणि काकू दुकानात आले ते सकाळी सकाळी. आण्णांचे घरामागच्या शेडमधे यंत्रमाग होते. सगळी उमर त्या खडखडाटात गेली, त्यात कान गेले. बसूनं सवयीनं त्यांना स्टुलावर बसवायला घेतलं, तर काकू म्हणाल्या, त्यांना ऐकू येत न्हाय, मीच ऐकते. स्पीकर त्यांना त्याच दिवशी जोडून हवे होते. बसूनं त्यांना खाली ठेवायचा वूफर, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाची पेटी, असलेला सेट दिला, कारण मागांच्या आवाजात बारीक स्पीकर ऐकूच येणार नाहीत.

आम्ही मागोमाग कबनूरला गेलो. मुलगी आणि जावई ऑस्ट्रेलियात. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दोन वेळा आशा लागून मोडली होती. आता पुन्हा दिवस होते, आणि या वेळी इतके दिवस नीट गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी पोटातल्या बाळाच्या ठोक्यांचा आवाज रेकॉर्ड करून दिला होता आणि तो तिनं ईमेलनं पाठवला होता. कॉम्प्युटर जावयानं मागच्या खेपेला घेऊन दिला होता, पण मुका.

बसूनं जोडणी केली. फाईल फोनच्या लाईनवरून हळूहळू उतरत होती. आण्णा उठून मागच्या दारी गेले आणि त्यांनी कामगारांना हात केला. एकेक करत सगळे माग थांबले. काकू मला हळूच म्हणाल्या, दिवसाउजेडी माग थांबलेले त्यांनी ह्या घरात फारसे बघितले नव्हते. कामगारही दारात येऊन उभे राहिले.

बसूनं फाईल उघडली. धडधड धडधड धडधड. वेगानं, न थांबता.

काकूंनी पदर तोंडाला लावला. कामगारांतला एक जण हसायला लागला. आण्णा एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. "काय म्हणतीया?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, लेक बोलतेय.

बसू खुर्चीतून उठला, आण्णांना हाताला धरून खाली बसवलं आणि त्यांचा तळवा वूफरच्या लाकडी पेटीवर ठेवला.

आण्णांनी दुसराही हात पेटीवर ठेवला. मान तिरकी केली, डोळे मिटले.

फाईल छोटीच होती. ती संपली तसे त्यांनी झटकन डोळे उघडले. "थांबला?"

बसूनं जोरजोरात नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा क्लिक केलं.

आण्णांनी पुन्हा दोन्ही हात पेटीवर टेकले. मग काकूंकडं बघून म्हणाले, "न्हाय, न्हाय. चालतोय की."