डोंगरातला गाळ

दक्षिण फ्रान्समधल्या त्या अत्तराच्या गावात सोलांज इस्नार एकोणीस वर्षं गाळ वाहत होती. सुगंधी रसायन पाण्यात गेलं की जंतू ते खातात का, हे प्रयोगशाळेत तपासायचं तिचं काम. गावच्या सांडपाणी केंद्रातला थोडा गाळ बाटलीत घालायचा, त्यात रसायनाचे थेंब टाकायचे आणि जंतूंनी अठ्ठावीस दिवसांत किती प्राणवायू ओढला ते मोजायचं. साठ टक्के फस्त झालं की रसायन पास. तिच्या सहीने एक्केचाळीस वास पास झाले होते आणि त्याचा तिला अभिमान होता. का नसावा? नाकावर पोट भरणाऱ्या गावात नदीची काळजी वाहणारं दुसरं होतं कोण!

यंदा एका जुन्या कस्तुरी-वासाची परवानगी नव्याने घ्यायची होती आणि नेमकं गावचं केंद्र दुरुस्तीसाठी बंद. म्हणून ती डोंगरात चुलतभावाकडे गेली. तिथलं छोटं केंद्र लेओंस सांभाळायचा.

"ये बाई, ये," कॅन भरता भरता तो म्हणाला. "तुमच्या गटारालासुद्धा अत्तराचा वास म्हणे! आमच्याकडे घाणीला घाणीचाच वास असतो हं."

"गप रे मेल्या!"

अठ्ठाविसाव्या दिवशी आकडा आला अकरा. आठ वर्षांपूर्वी याच रसायनाला तिने चौऱ्याहत्तर दिले होते.

गाळच मेला असेल म्हणून तिने शेजारची बाटली पाहिली. त्यात जॅममध्ये घालतात ते साधं बेंझोएट होतं. जंतूंनी ते चौदा दिवसांतच चाटूनपुसून संपवलं होतं. म्हणजे गाळ ठणठणीत होता. मग तिला लेओंसची थट्टा आठवली. गावातल्या कारखान्यांचं धुण्याचं पाणी गावच्याच केंद्रात जायचं. तिथले जंतू अत्तरावरच पोसलेले. गाळ रसायनाला सरावलेला नसावा, हा नियम तिने शंभरदा वाचला होता. पण जन्म त्याच गावातला, गटाराचा तो वास तिच्या नाकाला कधी जाणवलाच नाही.

"डोंगरातला गाळ नासका निघाला, मादाम," प्रयोगशाळेचे प्रमुख वासालसाहेब म्हणाले.

"त्याने बेंझोएट खाल्लंय, साहेब. नासका आपला आहे. ते एक्केचाळीस वास आज नद्यांत..."

"त्या एक्केचाळीस कागदांवर सही कोणाची आहे?"

तिने अकराचा कागद टेबलावरून परत ओढून घेतला.

"सोमवारी गावचं केंद्र उघडतंय. तिथला आणा. तीन महिन्यांनी निवृत्त होताय, शेवट गोड करा."

तिला थुंकावंसं वाटलं. साहेबांवर की स्वतःवर, ते तिचं तिलाच कळेना. सोमवारी तिने मुकाट्याने कॅन उचलला. अठ्ठावीस दिवसांनी आकडा आला शहात्तर, आणि तिने सही केली.

त्याच संध्याकाळी लेओंसचा फोन आला.

"काय गं, आमच्या गाळाचं काय झालं? झाला का पास?"

"नाही," ती म्हणाली. "तुझा गाळ नापास झाला."